दहा महिन्यांचा अनुभव: कागद सांभाळणारी प्रणाली उत्तम, पण मुदत कुठून मोजायची ते तिला कळत नाही

आमच्या नागरी सहकारी बँकेने कागदपत्रांचे स्कॅनिंग, साठवणूक आणि मुदत संपलेले कागद नष्ट करणे यांसाठी गेल्या वर्षी एक तयार प्रणाली घेतली. रेकॉर्ड रूम माझ्याकडे असल्याने ती रोज वापरणारा मीच आहे. तिचा शोध वेगवान आहे, परवानग्या व्यवस्थित लावता येतात, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुली चालू असलेल्या कर्जांचे कागद एका बटणावर गोठवता येतात. लिहावेसे वाटले ते मात्र सहाव्या महिन्यात तिने काढलेल्या नष्ट करायच्या कागदांच्या यादीमुळे.

यादीत केवायसीचे 412 संच होते. सहज म्हणून चार-पाच उघडले, तर त्यांतले तीन खातेदार आदल्याच आठवड्यात काउंटरवर येऊन गेलेले होते. प्रणालीने कागदावरच्या तारखेपासून पाच वर्षे मोजली होती. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 प्रमाणे व्यवहारांच्या नोंदी व्यवहारापासून पाच वर्षे ठेवायच्या असतात, हे खरे. परंतु ओळखीच्या कागदांची पाच वर्षे ग्राहकाशी असलेला संबंध संपल्यापासून किंवा खाते बंद झाल्यापासून, यांपैकी जे नंतर घडेल तेव्हापासून धरायची असतात, म्हणजे चालू खात्याच्या बाबतीत मोजणी सुरूच होत नाही.

प्रणाली विकणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. ती तीन वेळा ‘सोडवली’ असा शेरा मारून बंद झाली, आणि चौथ्या वेळी कळवण्यात आले की कागदाची तारीख हाच डिफॉल्ट असून बदल हवा असल्यास चेंज रिक्वेस्टचे 38 हजार रुपये अधिक जीएसटी पडतील. मुदत सांभाळण्यासाठीच विकत घेतलेल्या वस्तूला मुदत मोजायला शिकवण्याचा खर्चही आपणच करायचा, हे मला पटेना.

त्या आठवड्यात हे लिहिले असते तर एकच तारा दिला असता. पुढे त्यांच्या इंजिनियरने दाखवले की खाते बंद झाल्याची तारीख घेणारा रकाना प्रणालीत पहिल्यापासून आहे. कोअर बँकिंगमधून, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीतून, ती तारीख आम्हीच पाठवत नव्हतो, आणि जुनी खाती संगणकावर चढवताना आमच्याकडून ती कित्येक ठिकाणी भरलीच गेली नव्हती. तेव्हा अर्धी चूक आमची. उरलेली अर्धी अशी की रकाना रिकामा दिसला की ही प्रणाली थांबण्याऐवजी गुपचूप कागदाची तारीख धरते. बऱ्याच वादानंतर ती सवय त्यांनी विनामूल्य बंद केली. तारखा जोडून घेण्याचे पैसे आम्ही दिले, आणि आमचे दोन लिपिक अजून रुमालांत बांधलेल्या जुन्या रजिस्टरांतून तारखा शोधत आहेत.

अनपेक्षित समाधान आधार क्रमांक झाकण्याच्या बाबतीत मिळाले. तिरक्या, फिकट झेरॉक्सवरचेही पहिले आठ अंक प्रणाली अचूक काळे करते. फक्त अर्जाच्या समासात कोणी पेनाने लिहून ठेवलेला क्रमांक तिच्या नजरेतून सुटतो, आणि आमच्याकडे तशी सवय बऱ्याच जणांना होती.

मी या एका तारखेमागे का लागलो, असे संचालकांनीही विचारले. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात, आणि सुरक्षेतल्या हलगर्जीपणाचा दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आमच्या एकूण ठेवी त्याहून फार मोठ्या नाहीत. हेतू संपल्यावर, दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलेला नसेल तर, डेटा पुसावा लागणार आहे. त्यामुळे ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणत सगळेच जपण्याची आमची पूर्वापार पद्धत यापुढे चालणार नाही, आणि मोजणी चुकली तर लवकर पुसल्याचा दोष एका कायद्याने व उशिरा पुसल्याचा दुसऱ्या कायद्याने लागेल.

जागेच्या भाड्याबद्दलही नाराजी आहे: पुसलेल्या फायली 180 दिवस कचरापेटीत राहतात आणि त्यांचेही भाडे लागते.

तीन वर्षांच्या करारावर सवलत देऊ केली असली तरी मी एकाच वर्षाची शिफारस केली आहे. गेल्या महिन्याच्या यादीत 37 संच होते. छापून, रजिस्टरशी ताडून पाहिल्यावर त्यांतले दोन पुन्हा चुकीचे निघाले. त्या दोघांची बचत खाती बंद झाली आहेत, पण मुदत ठेवी चालू आहेत; प्रणाली खाते पाहते, ग्राहक पाहत नाही. नवी तक्रार नोंदवली आहे, आणि तिची सध्याची स्थिती ‘सोडवली’ अशी दिसते.