रोबोकॉनच्या रोबोटवर न्यूमॅटिक आर्म: आठ महिन्यांचा अनुभव

रोबोकॉन या रोबोट स्पर्धेसाठीच्या आमच्या रोबोटचा आर्म, म्हणजे वजन उचलणारा हात, आधी डीसी मोटरवर होता. वर्म गिअर लावला तर फार हळू, साधा गिअरबॉक्स लावला तर वजन घेऊन वर थांबायला तयार नाही. शेवटी न्यूमॅटिक सिलिंडर बसवला, म्हणजे दाबलेल्या हवेने दांडा पुढे-मागे ढकलणारी नळी. ज्या आर्मला फक्त वर आणि खाली एवढंच करायचंय, त्याला मी आता पुन्हा मोटर लावणार नाही. मध्येच कुठेतरी नेमका थांबवायचा असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका. हवा दबते आणि आर्म डुलत राहतो.

पहिला सिलिंडर २५ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) घेतला. ४ बारला तो साधारण २० किलोचा जोर देतो आणि आम्हाला उचलायचं होतं दीड किलो, म्हणून निर्धास्त होतो. आर्म जागचा हलला नाही. ६० सेंमीच्या आर्मला आम्ही पिव्हटपासून (आर्म जिथे फिरतो त्या सांध्यापासून) अवघ्या ८ सेंमीवर ढकलत होतो, त्यात आर्म खाली असताना सिलिंडर त्याच्याशी जेमतेम ३० अंशांत. निम्मा जोर तिथेच वाया. आर्मचं स्वतःचं वजन धरून कागदावर मांडलं तर गरज निघाली २८ किलोची! मग ३२ मिमीचा बसवला, खालचा क्लेविस (सिलिंडर अडकवायचा जोड) सरकवून कोनही वाढवला. आधी कोन मोजा, बोअर मग ठरवा.

बोअर वाढला की हवा जास्त लागते. नियमाने ६ बारच्या वर जाता येत नाही. हवा आम्ही कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत साठवतो. २ लिटरच्या एका बाटलीत, दाब ६ वरून ४ बारवर येईपर्यंत, आमचा आर्म पाचेक वेळाच वर-खाली होतो. म्हणून तीन बाटल्या जोडल्यात. बाटल्यांवर टेप गुंडाळलेली असते, ओरखडा दिसला की बाटली बाद, आणि हवा भरताना गॉगल. यात तडजोड नाही.

गळतीने खूप छळलं. संध्याकाळी ६ बार भरून ठेवावेत, तर सकाळी काटा शून्यावर. साबणाचं पाणी लावत बसलो तेव्हा एका फिटिंगच्या तोंडाशी मोहरीएवढे बुडबुडे दिसले. हवा नेणारी पीयू ट्यूब कुणीतरी कात्रीने तिरकी कापली होती. तेव्हापासून फक्त ट्यूब कटर.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे व्हॉल्व्ह. सिलिंडरच्या कोणत्या बाजूला हवा जाईल ते ठरवणारा आमचा ५/२ व्हॉल्व्ह (पाच तोंडं, दोन स्थिती) सिंगल सॉलेनॉइडचा, स्प्रिंग रिटर्न होता, म्हणजे वीज गेली की स्प्रिंग त्याला मूळ स्थितीत परत ढकलते. सरावात ई-स्टॉप (इमर्जन्सी बटण) दाबला, वीज गेली आणि आर्म धाडकन खाली आला. एका ज्युनियरचा हात थोडक्यात वाचला. त्याच आठवड्यात डबल सॉलेनॉइड घेतला. करंट गेला तरी हा व्हॉल्व्ह शेवटच्या स्थितीतच राहतो, म्हणून वर गेलेला आर्म वरच राहतो. पण सिलिंडरमध्ये हवा तशीच असते, त्यामुळे काम करताना आधी आर्मखाली टेकू लावायचा, मगच हँड स्लाइड व्हॉल्व्हने हवा सोडायची.

वेगासाठी फ्लो कंट्रोल (हवेचा प्रवाह कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) सिलिंडरमधून बाहेर जाणाऱ्या हवेवर लावा, हालचाल मऊ होते. फक्त पहिल्या स्ट्रोकला समोरच्या बाजूला हवाच नसते, तेव्हा आर्म जोरात आपटतो. म्हणून मॅचआधी आर्म रिकामाच दोनदा वर-खाली करून घेतो, मग बाटल्या पुन्हा ६ बारपर्यंत भरतो.