'स्लीपिंग ब्यूटी' म्हणून रंगवलेला दगड, 'लँडर ब्लू' म्हणून भलताच फिरोजा

खाणीचं नाव लावलेला फिरोजा विकत घेणार असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. मी चांदीचे दागिने घडवते आणि एका ऑनलाइन विक्रेत्याने मला एकाच व्यवहारात दोन प्रकारे फसवलं. पहिली फसवणूक सिद्ध करता आली, तिचे पैसे परत मिळाले. दुसरी आजही सिद्ध होत नाही, आणि रक्कम तिचीच मोठी होती. या दोन्हींतला फरक मला इथे नीट मांडायचा आहे, कारण फिरोज्याच्या बाजारातली खरी मेख तिथे आहे.

फिरोजा म्हणजे तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं पाणी धरून असलेलं फॉस्फेट. निळाई तांब्याची, लोह मिसळलं की रंग हिरव्याकडे झुकतो. बहुतेक करून कोरड्या मुलखात, खडकाच्या भेगांमधून तो साठत जातो. त्यामुळे ज्या खडकात तो घडला त्याच्या रेषा आणि तुकडे त्याच्या अंगात राहून जातात. त्यांना आपण जाळी म्हणू. जाळीचा रंग कोणता, ती जाड की बारीक, हे खाणीगणिक बदलतं, आणि खाणींची ख्याती त्यावरच उभी आहे.

इराणमधलं निशापूर शतकानुशतकं स्वच्छ, भरल्या निळ्यासाठी नावाजलेलं आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या बिस्बीचा फिरोजा गडद निळा, त्यात चॉकलेटी तपकिरी जाळी. तिथली तांब्याची खाण 1970 च्या दशकाच्या मध्याला बंद पडली, म्हणजे आज जे बिस्बी खरं आहे ते सगळं जुन्या साठ्यातलं. तिथल्याच मोरेन्सी खाणीच्या खड्यात पुष्कळदा पायराइट या सोनेरी खनिजाचे चमकते कण दिसतात. नेवाडाच्या रॉयस्टनमध्ये एकाच खड्यात निळा आणि हिरवा शेजारी शेजारी येतात, आणि माझ्या मते कोंदणात बसवल्यावर याच्याइतका देखणा दुसरा फिरोजा नाही. पण मागणी त्याला नसते. मागणी असते ती दोन नावांना.

एक स्लीपिंग ब्यूटी. अ‍ॅरिझोनातल्या ग्लोब गावाजवळची ही खाण. एकसारखा आकाशी निळा, जाळी जवळजवळ नाहीच. हारासाठी जुळते खडे हवे असतील तर याच्यासारखा दुसरा नाही. 2012 मध्ये तिथून फिरोजा काढणं थांबलं आणि त्यानंतर भाव चढत गेले. दुसरं नाव लँडर ब्लू. नेवाडाच्या लँडर काउंटीत 1973 मध्ये सापडलेली ही खाण इतकी लहान, की टोपीखाली झाकली जाईल असं तिच्याबद्दल म्हणतात. सगळा मिळून साधारण 50 किलो माल निघाला आणि खाण संपली. गडद निळ्यावर काळी, केसासारखी बारीक जाळी. फिरोज्यात सर्वांत महाग विकल्या जाणाऱ्या नावांत हे येतं.

माझ्या एका ग्राहक बाईंना हार हवा होता: दोन्ही बाजूंना एकसारखे आकाशी खडे आणि मधल्या पदकात जाळीचा एक मोठा खडा. या विक्रेत्याच्या यादीत दोन्ही होते. 'स्लीपिंग ब्यूटी, नैसर्गिक, कोणतीही प्रक्रिया नाही' असं एकावर, 'लँडर ब्लू, जुन्या संग्रहातला' असं दुसऱ्यावर. बोलणं अत्यंत अदबीचं. मी न मागताच आकाशी खड्यांचे नमुने आले. ते भिंगाखाली पाहिले, मागची बाजू तपासली, कापसाला अ‍ॅसिटोन लावून पुसले. रंग सुटला नाही. खडे चांगलेच होते. मग पूर्ण लॉट मागवला आणि त्याच्याबरोबर लँडर ब्लू. त्या खड्याच्या जोडीला सोनेरी कडांचं एक प्रमाणपत्र होतं, त्यावर फोटो, वजन, खाणीचं नाव आणि गोल शिक्का.

लॉटमधले खडे पुढून नमुन्यांसारखेच दिसत होते. मागे मात्र प्रत्येकाला काळा लेप होता. यात वावगं काही नसतं. पातळ फिरोजा तडकू नये म्हणून पाठीला इपॉक्सीचा आधार देण्याची पद्धत जुनी आहे. पण नमुन्यांना तो लेप नव्हता. एक खडा चांदीच्या पट्टीत बसेना, म्हणून मी त्याची खालची कड कानशीने जराशी उतरवली. फिरोजा घासला की भुकटी फिकट निळसर पडते. इथे पडली पांढरीशुभ्र. कडेवर निळ्या रंगाची एक पातळ साल आणि तिच्या आत खडूसारखा पांढरा दगड, इतकं उघड दिसत होतं की भिंगाची गरज नव्हती. ताज्या घासल्या जागेवर अ‍ॅसिटोनचा कापूस फिरवला, तर तो निळा झाला. वरच्या बाजूवर पुसला तर पांढराच राहिला, कारण तिथे मेणासारखा थर चढवलेला होता. अ‍ॅसिटोनची चाचणी खड्याच्या चेहऱ्यावर करून थांबू नका, हे इथेच सांगते. कडेवर करा, भोक असेल तर भोकात करा. रंग दिलेल्या मण्यांमध्ये भोकाच्या तोंडाशी आणि भेगांमध्ये रंग जास्त साचतो.

मग मी लेप काढलेला एक खडा पाण्यात बुडवून तोलला. फिरोज्याचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या किती पट जड ते, साधारण 2.6 ते 2.8; रेझिन (प्लॅस्टिकसारखा पदार्थ) भरलेल्याचं त्याहून कमी. हे 3 च्या जवळ आलं. रंगवून फिरोजा म्हणून खपवले जाणारे दोन पांढरे दगड नेहमीचे, हाउलाइट आणि मॅग्नेसाइट. हाउलाइट फिरोज्याहून हलका, मॅग्नेसाइट जड. प्रयोगशाळेच्या अहवालातही तेच आलं: रंगवलेला मॅग्नेसाइट. नमुन्याचा एक खडाही मी सोबत दिला होता. तो अस्सल फिरोजा निघाला, पण रेझिन भरलेला. म्हणजे 'कोणतीही प्रक्रिया नाही' हे नमुन्यांच्या बाबतीतही खोटंच होतं.

रेझिनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुष्कळांना वाटतं रेझिन म्हणजे नकली. तसं नाही. खाणीतून निघणारा बराचसा फिरोजा खडूसारखा भुसभुशीत असतो. तो दाबाखाली रेझिन पाजल्याशिवाय कापताही येत नाही. असा खडा घाम आणि तेल कमी पितो, त्यामुळे रोजच्या वापराच्या अंगठीला तोच बरा. माझी त्याला हरकत नाही, माझ्या कामात तो असतो. हरकत आहे ती लपवण्याला. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक नियमांत खड्यावरची अशी प्रक्रिया गिऱ्हाइकाला सांगावी असं स्पष्ट आहे, आणि प्रामाणिक विक्रेते ती न विचारता सांगतात. याखेरीज झॅकरी नावाची एक प्रक्रिया आहे, तिच्यात रेझिन नसतंच. ती अ‍ॅसिटोनला सापडत नाही, गरम सुईला सापडत नाही. रासायनिक विश्लेषणात पोटॅशियम वाढलेलं दिसतं, तेव्हाच कळते. 'मी सुई लावून पाहिली, प्लॅस्टिकचा वास आला नाही, म्हणजे नैसर्गिक' असं कुणी छातीठोक सांगत असेल तर ते पुरेसं नाही. शिवाय सुईने खड्यावर कायमचा डाग पडतो तो वेगळाच.

आता लँडर ब्लू. तोही मी प्रयोगशाळेत दिला होता. अहवाल आला: फिरोजा, नैसर्गिक, पॉलिमरचा, म्हणजे रेझिनचा, अंश आहे. उगमस्थानाच्या रकान्यात काहीही नाही. मी विचारलं, तेव्हा तिथल्या तज्ज्ञांनी शांतपणे समजावलं की फिरोज्याची खाण कोणती, यावर ते मत देत नाहीत. एकाच खाणीत निळा, हिरवा, जाळीचा, बिनजाळीचा असा सगळा माल निघतो, आणि दोन खंडांवरच्या दोन खाणींमधून हुबेहूब सारखा दिसणारा खडा येऊ शकतो. चीनच्या हुबेई प्रांतातून काळ्या बारीक जाळीचा फिरोजा येतो. तो सुंदर असतो, आणि त्यातला निवडक माल नेवाडाच्या जुन्या खड्यांशेजारी ठेवला तर भल्याभल्यांना वेगळा काढता येत नाही. संशोधकांनी हायड्रोजन आणि तांब्याच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजून अमेरिकेतल्या चाको कॅन्यनसारख्या प्राचीन वस्त्यांमधल्या फिरोज्याचा उगम शोधला आहे. पण ते पुरातत्त्वाचं काम, एका पदकाच्या खड्यासाठी दुकानात मिळणारी सेवा नव्हे.

विक्रेत्याला हे सगळं नीट ठाऊक होतं. मॅग्नेसाइटचा अहवाल पाठवल्यावर त्याचा सूर लगेच नरमला: गोदामात पाकिटं बदलली, क्षमा असावी, पैसे परत करतो. लँडर ब्लूबद्दल विचारताच तोच माणूस ताठ झाला. "तुमचीच प्रयोगशाळा म्हणते ना, फिरोजा आहे? मग तक्रार कसली?" खाणीचा पुरावा मागितला, तर त्या प्रमाणपत्राचाच फोटो पुन्हा पाठवला. ते प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा मागोवा घेतला तर पत्ता नाही, तपासनीस नाही, अहवाल क्रमांक टाकून पडताळण्याची सोय नाही. अक्षरं आणि चौकट विक्रेत्याच्या पावतीशी तंतोतंत जुळणारी. ते त्यानेच छापलेलं आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पैसे भरले त्या कंपनीकडे मी दोन तक्रारी केल्या. मॅग्नेसाइटची मान्य झाली. दुसरीत त्यांनी मागितलं की वस्तू वर्णनाप्रमाणे नाही हे दाखवा. हा खडा लँडर ब्लू नाही असं लिहून देणारं कुणीच नव्हतं, कारण तो आहे असंही कुणी लिहून देऊ शकत नाही. तक्रार फेटाळली गेली. मला याची चीड येते, आणि ती माझ्या पैशांपुरती नाही. नेवाडात अजूनही लहान लहान खाणी चालवणारी कुटुंबं आहेत, जी स्वतः काढलेला दगड स्वतःच्या नावाने विकतात. अशा प्रत्येक खोट्या पावतीने त्यांच्या खऱ्या शब्दाची किंमत उतरते. हुबेईच्या दगडावरही अन्याय होतो. तो त्याच्या स्वतःच्या नावाने आला असता तर मी आनंदाने, योग्य भावात घेतला असता.

म्हणून खाणीच्या नावासाठी जास्तीचे पैसे द्यायचे असतील, तर खड्याकडे पाहून देऊ नका, कागदांकडे पाहून द्या. हा दगड खाणीतून कुणी काढला, कुणी कापला, मध्ये कुणाच्या संग्रहात होता, जुनी पावती आहे का, कच्च्या दगडाचा फोटो आहे का. साखळीतला एकही दुवा विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर तो खडा 'जाळीचा चांगला फिरोजा' एवढ्याच भावाचा आहे. खाण आणि प्रक्रिया दोन्ही पावतीवर लिहून मागा, आणि 'प्रयोगशाळेने वेगळं म्हटलं तर पूर्ण परतावा' हे वाक्यही. नमुने आले असतील तर पूर्ण माल आल्यावर त्यातले दोन-तीन खडे अंदाजाने उचला, नमुन्यांशेजारी ठेवून पाठ आणि कड बघा. तयार दागिना घेत असाल आणि पाठीमागून चांदीचं पान बंद असेल, तर कड दिसतच नाही. तिथे विक्रेत्याच्या शब्दावर सगळं अवलंबून असतं, म्हणून तो शब्द लेखी हवा. आणि काही नावं ऐकताच सावध व्हा. टर्क्वाइज हे फिरोज्याचं इंग्रजी नाव, पण 'आफ्रिकन टर्क्वाइज' हा जॅस्परसारखा दगड आहे, फिरोजा नाही. नेवाडाचा 'व्हाइट बफेलो' दिसायला छान असतो, पण फिरोजा तोही नाही.

माझ्या ग्राहक बाईंना मी दोन्ही अहवाल दाखवले. त्यांनी हारासाठी रेझिन भरलेले किंगमन या अमेरिकेतल्या खाणीचे खडे निवडले, ज्या कापणाऱ्याकडून मी आता घेते त्याच्या पावतीसकट. पदकात तो जाळीचा खडाच बसवला आहे. पावतीवर मी लिहून दिलं, 'फिरोजा, रेझिनयुक्त, खाण अज्ञात', आणि किंमत त्याप्रमाणे लावली. फरक मी सोसला.

विक्रेता अजून धंद्यात आहे, दुकानाचं नाव बदलून. ओळखायच्या खुणा सांगते: खड्यांचे फोटो सगळे पाण्यात भिजवून काढलेले, म्हणजे रंग गडद दिसतो, पाठीचा फोटो एकही नाही, एकाच यादीत लँडर ब्लू, बिस्बी आणि निशापूर, तिन्हींचा साठा कधी न संपणारा, आणि मागितल्याशिवाय मिळणारे मोफत नमुने. पाठीचे कोरडे फोटो मागा. मी नव्या दुकानाकडे दुसऱ्याच नावाने मागितले, तेव्हा उत्तर आलं की खडे कालच विकले गेले. यादीत ते आजही आहेत.