सांगलीहून बंगळूर: कोल्हापूरचं विमान, पुण्याचं विमान की मिरजेची रेल्वे?

सांगली ते बंगळूर सरळ रेषेत अंतर साधारण ५४० किमी भरतं. रस्त्याने तेच सव्वासहाशे ते साडेसहाशे किमी होतं. पहिला आकडा बघून ‘विमानाने तासाभराचं काम’ असं वाटतं आणि हिशेब तिथेच चुकतो. मुलं तिकडे नोकरीला असल्याने आम्ही या तिन्ही वाटांनी जाऊन आलोय. वेळ घराच्या उंबऱ्यापासून मोजा, विमानतळापासून नको.

उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) ते बंगळूर हवाई अंतर सुमारे ५३० किमी, तर लोहगाव (पुण्याचा विमानतळ) ते बंगळूर सुमारे ७२० किमी. तरीही तिकिटावर दोन्हीकडे सव्वा ते दीड तासाच्या आसपासच वेळ दिसतो. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यात जाणारा वेळ अंतर कमी म्हणून फारसा घटत नाही.

खरा फरक जमिनीवर पडतो. सांगलीच्या विश्रामबागेतून जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली करत उजळाईवाडीला सव्वा-दीड तासात पोचता येतं. आधी पोचायचा दीड तास, विमानाचा दीड, सामानाचा अर्धा. आणि पुढे देवनहळ्ळी! हा विमानतळ बंगळूरच्या मध्यापासून ३५ किमीच्या वर आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचं तर अख्खं शहर ओलांडायचं, त्यात संध्याकाळ असेल तर दोन तास सहज जातात. म्हणजे एकूण सहा ते सात तास. तरी ही सगळ्यात जलद वाट.

पुण्याची विमानं जास्त, वेळा सोयीच्या, तिकीटही कधी कधी स्वस्त. पण दक्षिणेला जायचं आणि आधी पेठ नाक्यावरून उत्तरेला २३५ किमी जायचं, हा द्राविडी प्राणायाम आहे. घरापासून घरापर्यंत दहा तास धरा. एवढ्यात रात्रीची स्लीपर बस बंगळूरच्या जवळपास पोचलेली असते. पुण्यात दुसरं काम असेल तरच ही वाट घ्या.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसला मिरजेहून चौदा-पंधरा तास लागतात. आकडा मोठा दिसतो, पण त्यातली रात्र झोपेत जाते. दुपारी घरून जेवून निघायचं, बेळगाव, हुबळी मागे टाकायचं आणि सकाळी थेट शहराच्या मधोमध उतरायचं. समोरच मेट्रो. विमानात साधारणपणे मोठी बॅग १५ किलोंपेक्षा जास्त भरली तर जादा पैसे पडतात. इथे बेदाणे, भडंग, हळद, जे न्यायचं ते न्या. आई-वडिलांना पाठवायचं असेल तर मी डोळे झाकून रेल्वेच सांगेन. खालचा बर्थ मात्र वेळेत काढा.

कोल्हापूरचं तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी बघा. मोठ्या विमानतळासारखी दिवसभर विमानं इथे नसतात. एक चुकलं किंवा रद्द झालं तर पुढच्यासाठी दुसरा दिवस उजाडू शकतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेवर लक्ष ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं होतं, आणि सांगलीकराला उजळाईवाडीला जायचं तर वाट तिथूनच. परीक्षा किंवा मुलाखत असेल तर पावसाळ्यात एक दिवस आधीचं तिकीट काढा.