रीलचं टोपडं : आठ महिने वापरून

मागच्या पावसाळ्यात पुण्यातल्या धायरीतून निघालो आणि नांदेड फाट्याच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली. मागे बसलेल्या भाच्याच्या मांडीवर मासे धरायचे दोन रॉड, लाइन गुंडाळायच्या रीलसकट. ‘टक्’ एवढाच आवाज आला. मी विचारलं, “काय झालं रे?” तर म्हणाला, “काही नाही मामा, चला.”

पाण्यावर पोचून पहिला गळ फेकला तेव्हा कळलं काय झालं ते. हँडल फिरवलं की लाइन रोलरवर, म्हणजे कमानीच्या टोकाच्या छोट्या चाकावर, येऊन बसायला हवी, ती कमानीच्या कोपऱ्यातच अडकून राहायची. स्पिनिंग रीलला ती तारेची कमान असते ना, बेल म्हणतात ती, एका रीलची बेल दुसऱ्याच्या हँडलवर आपटून वाकली होती. फार नाही, एक-दीड मिलिमीटर. मी भोसरीत टर्नर आहे, पंचवीस वर्षं लेथवर उभा आहे. एक-दीड मिलिमीटर म्हणजे आमच्याकडे जॉब भंगारात. पक्कड लावून सरळ केली, पण वाकलेली तार सरळ केली तरी ती पहिल्यासारखी होत नाही. आजही जोरात फिरवलं की रोटर, म्हणजे हँडलबरोबर फिरणारा भाग, थरथरतो.

आता कोणी म्हणेल, रील काढून पिशवीत न्यायचं, पाण्यावर जाऊन लावायचं. तरुणपणी तेच करायचो. पण चाळिशी लागल्यापासून पहाटे पाचच्या अंधारात टॉर्च दातात धरून रॉडच्या सात कड्यांतून तंगूस (नायलॉनची लाइन) ओवायचं, मग स्विव्हल (फिरती कडी), मग गरी, हे होत नाही माझ्याच्यानं. शेजारचा तोवर दोन चिलापी काढून मोकळा. म्हणून रॉड घरीच बांधून, लाइन ओवून तयार न्यायचे. आणि रॉड तयार न्यायचा म्हणजे रील उघडं लटकणार.

म्हणून ऑनलाइन निओप्रीनचं रील कव्हर मागवलं. एक ४४९ रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बाजारात मिळणारी बहुतेक कव्हरं मला एकाच साच्यातली वाटतात, शिक्का तेवढा वेगळा. खालून रीलला घालायचं, वरून दोन पाखं रॉडवर आणून वेल्क्रोनं बंद करायची. लहान बाळाला टोपडं बांधतात तसं. बायको हसली, म्हणाली, “काजळाची तीट पण लाव.”

पहिली चूक माझीच. साइज एम, ‘३००० पर्यंत’ असं लिहिलेलं, म्हणजे रीलचा साइज नंबर. माझं एक रील ३००० आणि एक ४०००, म्हटलं एमच दोन्हीला ओढून बसवू, रबरच तर आहे. पण हे आकडे काही मिलिमीटर नाहीत. एका कंपनीचं ३००० दुसऱ्या कंपनीच्या ४००० एवढं भरतं. माझं ३००० निघालं भलतंच दणकट, त्यालाही एम तोकडं. शेवटी मापाचा व्हर्नियर काढला, रीलच्या पायापासून रोटरच्या खालच्या कडेपर्यंत आणि स्पूलच्या, म्हणजे लाइन गुंडाळलेल्या रिळाच्या, टोकापासून मागच्या बुडापर्यंत मापं घेतली आणि एल मागवलं. तुम्हीही नंबर बघू नका, माप घ्या. हँडल दुमडून माप घ्या, ते महत्त्वाचं. ज्यांचं हँडल आट्यांवर फिरवून निघतं त्यांनी ते काढून खिशात ठेवावं, सगळ्यात सुरक्षित.

आता मुख्य प्रश्न, आपटण्यापासून वाचवतं का? वाचवतं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर जाताना सोलापूर रोडनं लोणी, उरुळी, यवत, पाटस असे शंभरेक किलोमीटर, मधले रंबलर मोजले तर बोटं पुरणार नाहीत. तीन फेऱ्या झाल्या, रीलवर नवा ओरखडा नाही. निओप्रीन म्हणजे कृत्रिम रबर, अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत १९३० साली शोधलं गेलं. आमच्याकडे ऑइल लागणाऱ्या ठिकाणी गास्केटला येतं. कव्हरात येतं ते त्याचा फोम, तीनेक मिलिमीटर जाड, दोन्ही बाजूंनी नायलॉनचं कापड चिकटवलेलं. त्या फोममध्ये बंद बुडबुडे असतात, त्यामुळे धक्का पचतो. बोटानं दाबून बघा, लगेच वर येतं.

पण कव्हर घातलं म्हणून रॉड कसेही बांधायचे नाहीत. दोन रॉड असतील तर एकाचं बूड दुसऱ्याच्या शेंड्याकडे करायचं, म्हणजे रीलं समोरासमोर येतच नाहीत. मधे आणि दोन्ही टोकांना पट्टा. हे फुकटातलं काम कव्हराच्या निम्मं काम करतं, आणि माझ्या भाच्यानं त्या दिवशी हेच केलं नव्हतं. आणखी एक, सीटचा, म्हणजे रॉडवर रील बसतं त्या जागेचा, नट. गाडीच्या थरथरीनं तो ढिला होतो आणि कव्हरामुळे दिसत नाही. एकदा यवतला चहाला थांबलो, सहज हात लावला तर रील सीटमध्ये डुगडुगत होतं. तेव्हापासून चहा आणि नट दोन्ही एकत्र.

वेल्क्रो हा या वस्तूचा खरा शत्रू. ओवलेली लाइन कव्हराच्या तोंडातून बाहेर येऊन पहिल्या कडीत जाते, आणि नेमकी त्याच जागी वेल्क्रोची काटेरी बाजू. साध्या तंगुसाला फार होत नाही. पण माझ्या ४००० वर ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, लाइन आहे. दोन महिन्यांत पहिल्या हातभर लाइनला लव आली, जुन्या स्वेटरसारखी. तेवढी कापून टाकली. शिवाय काठावरचं गवत, कुसळं, सगळं त्या वेल्क्रोत जाऊन बसतं आणि मग तो धरत नाही. आठव्या महिन्यात एक पाख तर नुसतंच लोंबतंय.

आता सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती निम्मी माझ्यावरच.

दिवाळीनंतर ताम्हिणीतून दिवेआगरला गेलो होतो. संध्याकाळपर्यंत समुद्रात गळ टाकला, अंधार पडला, थंडी वाजायला लागली, रील तसंच पुसलं न पुसलं करून कव्हरात घातलं. घरी आल्यावर कंपनीत डबल शिफ्ट. कव्हर उघडलं बाराव्या दिवशी. वास आला ओल्या मोज्यांचा. बेलच्या स्क्रूभोवती पांढरी भुकटी, रोलर बोटानं फिरेना. ती भुकटी म्हणजे ॲल्युमिनियम गंजलं. स्टीलचा स्क्रू, ॲल्युमिनियमची बॉडी आणि मधे खारं पाणी. दोन धातूंमध्ये खारं पाणी गेलं की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं, हे आमच्या शॉपमधल्या पोराला पण माहीत आहे, आणि मी विसरलो.

इथे कव्हराचा दोष काय? फोम पाणी पीत नाही, पण त्यावर चिकटवलेलं कापड पितं, आणि शिलाईपण पिते. वर फोममधून हवा जात नाही. म्हणजे आतला ओलावा आतच. पाकिटावर मात्र लिहिलंय ‘संपूर्ण संरक्षण’. जे कव्हर पाण्याकाठी वापरायचं त्याला खाली दोन भोकं द्यायला काय झालं होतं? तळाशी साधं आयलेट (धातूची कडी लावलेलं भोक) मारलं असतं तरी पाणी निथळलं असतं.

रोलरचं बेअरिंग बदललं, बाकी रील वाचलं. आता खाऱ्या पाण्यावरून आलो की आधी ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, घट्ट करतो, म्हणजे वॉशरमध्ये पाणी जात नाही. मग नळाच्या बारीक धारेखाली धुतो. जोरात पाइप मारायचा नाही, मीठ आत ढकललं जातं. फडक्यानं पुसून रात्रभर उघड्यावर, वाळल्यावर ड्रॅग ढिला. कव्हर उलटं करून वेगळं वाळत, सावलीत. कव्हर फक्त रस्त्यासाठी. घरी आलं की काढायचं.

मधल्या काळात एक प्रयोग केला, तोही सांगतो. जुन्या बाजारातून ५० रुपयांना लॅपटॉपची जुनी बॅग आणली, त्याच निओप्रीनची. रविवार पेठेत एका बॅग शिवणाऱ्याकडे नेली. रील रॉडवर चढवून त्याच्या टेबलावर ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “काका, हे नेमकं कुठलं वाद्य?” मी सांगितलं मासे पकडायचं. “मग झाकता कशाला, माशाला दिसणार नाही ना.” पण माणूस कारागीर. वेल्क्रो नको म्हटल्यावर त्यानंच नाडी सुचवली, तबल्याच्या गवसणीला असते तशी. खाली दोन आयलेट मारली. हँडलच्या बाजूला रेक्झिनचा दुहेरी तुकडा लावला, कारण “टोकदार तिथं आधी फाटणार.” शिलाई १२० रुपये. दिसायला बेढब, रंग ऑफिसचा काळा, बांधायला वेल्क्रोपेक्षा अर्धा मिनिट जास्त. पण ब्रेडला लव नाही, आणि भिगवणच्या ओल्या सकाळनंतर हात घातला तर आत कोरडं.

विकतच्या कव्हराला पाचपैकी तीन. दोन गुण फोमचे, एक मापात आल्यावर घट्ट बसतं त्याचा. एकच रॉड असेल आणि कारमधून जात असाल तर घेऊच नका, फुटबॉलचा जाड मोजा पुरतो. बाइकवरून दोन रॉड नेणाऱ्यांनी घ्यावं, नाहीतर १७० रुपयांत पेठेतून शिवून आणावं.

ते एम साइजचं कव्हर अजून घरात पडून आहे, परत करायची मुदत व्हर्नियर शोधण्यात गेली. धायरीच्या बाजूला कोणाकडे खरोखर बारीक २५०० असेल तर घेऊन जा. पैसे नकोत, माशांच्या चाऱ्याला शेंगदाण्याची पेंड आणा किलोभर. जुनी चालणार नाही.