प्रवासात लिहायला मॅकबुक एअर: वर्षभर वापरल्यानंतर

मी भाषांतरं करते. महिन्यातले दहा-बारा दिवस प्रवासात जातात, पण मजकूर ठरलेल्या तारखेलाच द्यावा लागतो. म्हणून पहिल्यांदा लॅपटॉप घेताना मी फक्त वजन पाहिलं, आणि फसले.

तो होता दहा इंची, कीबोर्ड सुटा होणारा. वहीसारखा हलका. पण त्याचा स्क्रीन मागच्या पायावर उभा राहायचा आणि त्या पायाला सपाट जागा लागायची. मांडीवर घेतला की पाय गुडघ्यावरून घसरायचा, स्क्रीन मागे कलंडायचा. एका हाताने तो धरायचा आणि दुसऱ्या हाताने टाइप करायचं, असं किती दिवस चालणार?

त्याहून मोठा त्रास बोटांना झाला. मी मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी वापरते. त्यात च, ट आणि ड उजव्या टोकाच्या बटणांवर आहेत, आणि छोट्या कीबोर्डवर जागा वाचवायला नेमकी तीच बटणं बारीक केलेली असतात. इंग्रजीत तिथे विरामचिन्हं आणि कंस असतात, त्यामुळे इंग्रजी लिहिणाऱ्याचं फारसं अडत नाही. मराठीत साधं ‘चटकन’ लिहायचं तर पहिली दोन्ही अक्षरं तिथलीच! माझं बोट दर दोन ओळींनी चुकायचं.

मग ॲपलचा 2022 चा एम2 चिपवाला मॅकबुक एअर घेतला. स्क्रीन 13.6 इंच, वजन 1.24 किलो. आधीच्यापेक्षा जड आहेच, पण बिजागरी घट्ट, त्यामुळे मांडीवर हलत नाही, आणि कीबोर्ड पूर्ण मापाचा. पहिल्याच आठवड्यात माझा जुना वेग परत आला. आत पंखाच नाही, त्यामुळे शेजारी कुणी झोपलं असलं तरी संकोच वाटत नाही. सकाळी सातला गाडीत उघडला, दुपारी तीनला बंद केला, तेव्हा बॅटरी चाळीस टक्क्यांवर होती. अर्थात माझं काम वर्ड आणि शब्दकोशांचं. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी हा हिशेब धरू नये. चार्जिंग यूएसबी-सीवरही होतं, म्हणून मी फोन आणि लॅपटॉप मिळून एकच चार्जर नेते. पिशवीतलं खरं वजन तिथे कमी झालं.

घेण्याआधी एक लक्षात ठेवा: रॅम, म्हणजे एकाच वेळी किती काम उघडं ठेवता येईल हे ठरवणारी मेमरी, नंतर वाढवता येत नाही. किती जीबी हवी, ते आधीच ठरवा. ब्राउझरमध्ये वीस-वीस टॅब उघडे ठेवत असाल तर निदान सोळा जीबी घ्या. यूएसबी-सीची दोन्ही पोर्टं डावीकडे आहेत. जुना पेनड्राइव्ह असेल तर अडॅप्टर लागेल.

कुठलाही लॅपटॉप घ्या, पण दुकानात टेबलावर ठेवलेला पाहून ठरवू नका. खुर्चीत बसा, मांडीवर घ्या, मराठी कीबोर्ड सुरू करायला सांगा आणि दोन परिच्छेद टाइप करा. च आणि ट न बघता सापडतात का, ते पाहा.