जिन्याला तयार गेट की सुताराचं फाटक?

कुत्र्याचं पिल्लू जिन्यावरून उचलून न्यायचं की जिनाच बंद करायचा, हा वाद फार दिवस टिकत नाही. आठ आठवड्यांचं लॅब्रॅडॉर पाचेक किलोचं असतं. चौथ्या महिन्यात ते त्याच्या दुपटीच्या बरंच पुढे जातं आणि आपली कंबर निकाल देऊन टाकते. शिवाय तुमची पाठ वळली की ते जिन्याकडे धावणारच. २०१२ साली नॉर्वेत चार मोठ्या जातींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत जिना वापरणाऱ्या पिल्लांत हिप डिसप्लेशियाचा (खुब्याचा सांधा नीट न बसण्याच्या विकाराचा) धोका त्यात जास्त दिसला, आणि बाहेर मोकळं बागडणाऱ्यांत कमी. तेव्हा आडकाठी हवीच.

भिंतीला दाब देऊन बसणारं तयार गेट दहा मिनिटांत लागतं आणि भोकं पाडावी लागत नाहीत. भाड्याच्या घरात डिपॉझिटची काळजी असेल तर हेच घ्या. पण आपल्याकडच्या रो-हाउसमध्ये जिन्याच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला स्टीलचा गोल पाइप असतो. गेटचा सपाट रबरी कप गोल पाइपवर धरत नाही, त्यासाठी वेगळा वाय आकाराचा अडॅप्टर लागतो. भिंतीकडे पुट्टी दबते, कप सैल होतो, आपण बोल्ट पुन्हा आवळतो आणि पुट्टी आणखी दबते.

हे सगळं एक वेळ चालवून घेता येईल. मला खटकतो तो खालचा आडवा दांडा. गेट उघडलं तरी तो उंबऱ्यासारखा तिथेच राहतो. रात्री झोपेतून उठून, पिल्लू छातीशी धरून खाली शूला न्यायचं असतं. एका हाताने खटका दाबायचा आणि स्वतःचे पाय दिसत नसताना तो दांडा ओलांडायचा, तोही थेट पहिल्या पायरीच्या तोंडाशी. घरात आजी-आजोबा असतील तर विषयच संपला. माझ्या मते वरच्या मजल्यावर हे गेट लावूच नये. जिन्याच्या पायथ्याशी ठीक आहे.

सुताराचं फाटक करायला मात्र मागे लागावं लागतं, दोन चकरा ठरलेल्या. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून माल आणा किंवा त्यालाच आणू द्या, पण मापं तुम्ही सांगा. उंची ८० ते ९० सेंमी. पट्ट्या उभ्याच, आडव्या लावल्या की पिल्लाला आयती शिडी मिळते. दोन पट्ट्यांत ४ ते ५ सेंमी, खाली ३ सेंमी फट. फाटक मजल्याच्या बाजूला उघडावं, जिन्यावर नाही. कडीच्या बाजूला ५ मिमी जागा सोडायला सांगा, नाहीतर जुलैत लाकूड फुगतं आणि फाटक अडकून बसतं. कडी अंगठ्याने उघडता येईल अशी, फाटकाच्या वरच्या टोकाला.

रेलिंगच्या बाजूला दोन इंची चौरस लाकडी खांब यू-क्लॅम्पने पाइपला आवळायचा, मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालायचा. खांब फिरत नाही आणि पाइपवर ओरखडे येत नाहीत. बिजागऱ्या मात्र भिंतीकडेच. विटांच्या भिंतीत साधे प्लग चालतात, फक्त स्क्रू पुट्टी-प्लास्टर ओलांडून विटेत जायला हवा. नव्या स्कीममध्ये एएसी ब्लॉक, म्हणजे हलके सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे असतात. त्यात साधा प्लग काही दिवसांत खुळखुळतो, लांब नायलॉन फास्टनर मागा.

फाटक कुठलंही असो, रेलिंगच्या गजांमधून पिल्लू जात नाही ना, ते आधी बघा. जात असेल तर आतून नायलॉनची जाळी झिप-टायने बांधा आणि टायची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर तीच चघळली जातात.

पिल्लू तीन-चार महिन्यांचं झालं की जिना शिकवायला हरकत नसावी. मोठ्या जातीचं असेल तर डॉक्टरांना विचारून. चढणं ते आपसूक शिकतं, अडतं ते उतरताना, कारण सगळा भार पुढच्या पायांवर येतो. खालून दुसऱ्या पायरीवर ठेवा, हार्नेस धरा, खाऊ जमिनीवर. जमलं की एकेक पायरी वर सरका. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर आधी रबरी मॅट टाका. पायऱ्यांवर चिकटवायची खरखरीत टेप फरशी पुसता पुसता कडेने सुटते आणि मग ती पिल्लाच्या तोंडात असते. पिल्लू मोठ्या जातीचं असेल तर ते वर्ष-दीड वर्षाचं होईतो तरी फाटक काढू नका. सांधे पक्के व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि तोवर धावत उतरणं बंदच बरं.