विसरभोळेपणाची तपासणी: आधी ईईजी, एमआरआय की रक्त?

सासूबाईंचं सगळं आयुष्य पंचवटीत गेलं. गेल्या वर्षी रविवार कारंज्यावरून भाजी घेऊन परतताना त्यांना घरची वाटच आठवेना. नात्यातल्या कुणीतरी सुचवलं, ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढा, त्या लहरींत अल्झायमर लवकर सापडतो. घाबरून आम्ही तीच तपासणी आधी केली. तुमच्या घरी आज हा प्रश्न असेल तर आधीच सांगते, आमचा क्रम उलटा होता.

ईईजीकडे मन का वळतं ते मला कळतं. सुई नाही, किरणं नाहीत, खर्च एमआरआयपेक्षा बराच कमी. डोक्याला जेल लावून वीसेक इलेक्ट्रोड चिकटवतात आणि अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. त्यामागचं शास्त्रही खरं आहे. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. जागा माणूस डोळे मिटून शांत बसला की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी दिसतात. अल्झायमरमध्ये पेशींमधले दुवे तुटत जातात, तशा या लहरी मंदावतात आणि ४ ते ८ आवर्तनांच्या थीटा लहरी वाढतात.

पण लहर का मंदावली, हे आलेख सांगत नाही. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा बिघाड, गुंगी आणणारी औषधं, इतकंच काय, तपासणीत लागलेली डुलकी, यांपैकी कशानेही तसंच चित्र दिसू शकतं. उलट आजाराच्या अगदी सुरुवातीला आलेख नॉर्मलही येतो. संगणकाकडून लहरींचं बारीक विश्लेषण करून घेण्याचं संशोधन चालू आहे आणि मला त्याची मनापासून आशा वाटते. तरी आज नुसत्या ईईजीवर अल्झायमरचं निदान होत नाही.

आमच्या रिपोर्टमध्ये ‘लहरी मंद’ एवढंच होतं आणि तिथल्या माणसाने ‘अल्झायमरची सुरुवात’ असं तोंडी सांगून टाकलं. तीन आठवडे घरात कुणाला धड झोप नव्हती. मग न्यूरोलॉजिस्टनी साध्या रक्ततपासण्या करवल्या, तर बी-१२ फारच कमी निघालं. आयुष्यभर शाकाहार, त्यात वय, आणि वर्षानुवर्षं चालू असलेली ॲसिडिटीची गोळी!

म्हणून माझ्या मते पहिला पैसा खर्च करायचा तो डॉक्टरांच्या सविस्तर तपासणीवर, स्मरणचाचणीवर आणि बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम यांवर. स्मरणचाचणी ३० गुणांची असते. कमी शिकलेल्या माणसाचे गुण मुळातच कमी येतात, तेव्हा शिक्षण किती झालंय ते आवर्जून सांगा. घरातली सगळी औषधंही पिशवीत भरून न्या.

त्यानंतर एमआरआय. त्यात स्मृतीचं केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस आकसलाय का ते दिसतं. त्याहून मोलाचं म्हणजे जुने छोटे झटके, गाठ, साठलेलं पाणी, पडल्यानंतर कवटीखाली साचलेलं रक्त हेही सापडतं, आणि यातल्या काहींवर उपाय असतो. पेसमेकर असेल तर आधीच सांगावं लागतं.

अल्झायमरची खरी खूण असलेली प्रथिनं, म्हणजे अमायलॉइड आणि टाऊ, शोधायची तर पाठीच्या मणक्यातलं पाणी, अमायलॉइड पेट स्कॅन किंवा पी-टाऊ २१७ची नवी रक्तचाचणी. अशा रक्तचाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये पहिली मंजुरी मिळाली, तीही लक्षणं असलेल्या ५५ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसांसाठी. धडधाकट माणसाने सहज करून पाहायची ती चाचणी नव्हे.

मग ईईजी कधी? माणूस मध्येच टक लावून बघतो, हाका मारल्या तरी कळत नाही आणि नंतर तेवढंच आठवत नाही, तेव्हा तो अपस्माराचा प्रकार असू शकतो आणि तिथे ईईजी लवकर हवाच. काही आठवड्यांत झपाट्याने बिघडणाऱ्या स्मृतीतही, किंवा अचानक भ्रम झाल्यासारखं वागणं सुरू झालं तरीही.

बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाल्यावर सासूबाई वाट चुकेनाशा झाल्या. पाहुण्यांची नावं मात्र अजून अडखळतात. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी तीच स्मरणचाचणी पुन्हा सांगितली आहे. गुण घसरले, तरच पी-टाऊचा विचार करायचा असं आमचं ठरलंय.